फूल दिसेपर्यंत तहकूब

हडपसरच्या ‘सहविचार’ सहकारी गृहरचना संस्थेत गच्चीविषयी एकच नियम आहे, आणि तो वाचायला अत्यंत सोपा आहे. गच्चीवर फुलझाडांच्या कुंड्या ठेवण्यास मुभा आहे. पाणी साठवून ठेवण्यास मनाई आहे. नियम सोपा असला की तो मोडणाऱ्यालाही आपण तो पाळतच आहोत असे वाटू लागते. संस्था स्थापन झाली त्याच वर्षी तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी शोभेचे झाड म्हणून गच्चीवर अळू लावले, त्याच्या वड्या केल्या आणि त्या इमारतीत कोणालाही दिल्या नाहीत. तेव्हा संस्थेच्या चिटणीस सुनीती आगाशे यांनी नियमाला पुरवणी जोडली. सुनीतीबाईंनी शाळेत भूमिती शिकवण्यात हयात घालवली होती, आणि व्याख्येवाचून एखादी वस्तू जगात मोकळी फिरावी हे त्यांना सहन होत नसे. पुरवणी अशी होती: फुलझाड म्हणजे असे झाड, की ज्याचे फूल व्यवस्थापक समितीने, सभा भरलेली असताना, प्रत्यक्ष पाहिले आहे.

जास्वंदीला, मोगऱ्याला आणि गुलाबाला ही परीक्षा जड गेली नाही. हमीदा तांबोळी यांच्या टबाला मात्र ती फारच जड गेली.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. हडपसरला तेव्हा उसाची शेते मागे सरत होती आणि इमारती पुढे येत होत्या. हमीदाबींचा सारा संसार भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत झाला होता. तिथे ऊन येई ते समोरच्या घराच्या सवडीने, आणि त्यात डालड्याच्या डब्यातला पुदिना तेवढा तग धरी. नवऱ्याच्या निवृत्तीनंतर या इमारतीत बिऱ्हाड आले, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी जिना चढून गच्ची पाहिली. इतके ऊन एकाच ठिकाणी पडलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते. ते वाया जाताना पाहून त्यांचा जीव तुटला.

त्या उन्हाला साजेसे झाड त्यांना मांजरी गावाच्या वाटेवर भेटले. शेजारच्या मथुराबाईंबरोबर त्या हुरडा खायला निघाल्या होत्या. वाटेत पाटाच्या पाण्यावर भरणारे एक तळे होते, आणि ते सकाळच्या उन्हात पांढऱ्या फुलांनी भरले होते. फूल जेमतेम रुपयाएवढे. पाकळ्या पाच, आणि प्रत्येक पाकळीच्या कडेला नव्या मलमलीचे सूत सुटावे तशी झालर. मध्यभागी हळदीचे बोट टेकवल्यासारखा पिवळा डाग. दुपारी जेवून परतताना त्यांनी मुद्दाम पुन्हा पाहिले, तर त्याच तळ्यात नुसती पाने होती. हमीदाबींनी मथुराबाईंना पुढे जाऊ दिले, पदर खोचला, काठावरून एक कंद उपटला आणि हुरड्याच्या पिशवीत घालून घरी आणला. नाव नवऱ्याने शोधून काढले: कुमुदिनी.

कुमुदिनी वाढवणे अवघड नाही, असे आता त्या इमारतीत कोणीही सांगेल. तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते. पहिल्या वर्षी हमीदाबींनी गुलाबाला घालतात तसे भरपूर शेणखत घातले. पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखे झाले आणि पाने कुजली. दुसऱ्या वर्षी नवीन कंद आणला. पण त्या वर्षी त्यांचे यजमान अय्युबभाई यांनी स्वच्छतेचे खाते स्वतःकडे घेतले. ते दर रविवारी टब रिकामा करीत, नारळाच्या शेंडीने घासून लख्ख करीत आणि कंद जागेवर ठेवून देत. मुळांनी माती धरावी आणि अय्युबभाईंनी ती सोडवावी, असा क्रम वर्षभर चालला. शेवटी कंदाने प्रयत्न सोडला.

तिसऱ्या खेपेस हमीदाबींनी नवऱ्याला टबापासून हातभर दूर ठेवले. तळाशी काळी चिकण माती घातली, तिच्यात खताचा कणही मिसळला नाही. माती उधळून पाणी गढूळ होऊ नये म्हणून वर जाड वाळूचा थर दिला. कंदाचे डोके वाळूच्या वर राहील असे बेताने लावले. आधी पाणी थोडेच. पाने जसजशी वर आली तसतसे वाढवले. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, म्हणून ते आदल्या दिवशी बादलीत काढून उघडे ठेवायचे आणि मग टबात घालायचे. डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडले. अय्युबभाईंना पाण्यावरचा कचरा चहाच्या गाळणीने टिपण्याची परवानगी मिळाली, आणि तेवढ्यावर त्यांनी समाधान मानले.

अन् त्या पावसाळ्याच्या अखेरीस, बदामाच्या आकाराच्या एका पानाखाली, जिथे देठ पानाला मिळतो नेमक्या त्या ठिकाणी, ज्वारीच्या दाण्याएवढी एक कळी दिसली. हमीदाबींनी ती फक्त नवऱ्याला दाखवली. अय्युबभाईंनी ती संपूर्ण इमारतीला सांगितली.

याच सुमारास संस्थेचे अध्यक्ष सर्जेराव हिवतापाने आडवे झाले.

इमारत ज्या जमिनीवर उभी होती ती एके काळी सर्जेरावांची. जमीन विकताना त्यांनी पहिल्या मजल्यावरची दोन घरे आणि तहहयात अध्यक्षपद मिळवले होते; मांजरीला अजून ऊसही होता. ताप उतरला तेव्हा त्यांनी पांघरुणातून हात काढून गच्चीकडे बोट केले.

“ह्यो डास वरचा हाय,” ते पत्नीला, मथुराबाईंना, म्हणाले. “हमीदाबीच्या टबातला. मी वळखतो.”

“डास काय आडनाव सांगून चावला का?” मथुराबाई म्हणाल्या. पण सर्जेराव अध्यक्ष होते. रविवारी चार वाजता समितीची सभा आणि ‘गच्चीवरील पाणीसाठा काढून टाकणे’ हा एकमेव विषय, अशी सूचना सुनीतीबाईंच्या वळणदार अक्षरात जिन्याखालच्या फलकावर लागली.

अय्युबभाई समितीचे खजिनदार होते. टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात त्यांनी नोकरी केली होती, आणि कोणतीही तक्रार नीट वाचली असता तिच्यातच तिचे उत्तर सापडते यावर त्यांची श्रद्धा होती. घरात ते दख्खनी बोलत. वाद घालायचा असला की मराठीवर येत, कारण वादाला मराठीच सोयीची पडते असे त्यांचे मत होते. फलकासमोरच त्यांनी सुनीतीबाईंना गाठले.

“आगाशेबाई, आपण ज्याला पाणीसाठा म्हणता ते फुलझाड आहे. मनाई साठ्याला आहे, झाडाला नाही.”

“फूल आहे?”

“कळी आहे.”

“कळी म्हणजे फूल नव्हे. अंड्याला आपण कोंबडी म्हणत नाही, तांबोळी. निदान भाव तरी तसा लावत नाही.”

“रविवारी फूल होईल.”

“मग रविवारी पाहू. फूल दिसले तर झाड. न दिसले तर पाणी. झाड असेल तर राहील, पाणी असेल तर ओतले जाईल. यात वादाला जागा कुठे आहे?”

“डासांसाठी आम्ही मासे सोडले आहेत, हे आपण विचारात घ्यावे.”

“घेतले. पाळीव प्राण्यांचा नियम वेगळा आहे, आणि त्याची परवानगी तुम्ही मागितलेली नाही. ते पुढच्या सभेत.”

अय्युबभाईंनी हा घाव सोसला आणि मुख्य अडचण सांगितली. हे फूल सकाळी उमलते आणि दुपारी मिटते. सभा चारला आहे. तरी सभा सकाळी घ्यावी.

“कुमुदिनी म्हणालात ना?” सुनीतीबाईंनी चष्मा वर सरकवला. “कुमुदिनी चंद्र उगवल्यावर उमलते. सगळ्या संस्कृत काव्यात तसेच आहे.”

“ती काव्यातली. ही टबातली.”

“असेल. पण रविवारी सकाळी अध्यक्ष मांजरीला असतात. तिथून येताना मटण आणतात. मी एक ते चार झोपते, आणि त्या वेळात सख्ख्या भावालाही दार उघडत नाही. सभेची वेळ बदलायची तर नव्याने सूचना लावावी लागेल, आणि तिला मुदत द्यावी लागेल. त्यापेक्षा तुमच्या फुलाला सांगा, सभा चारला आहे.”

हे वाक्य सुनीतीबाई सहज बोलून गेल्या. अय्युबभाईंनी ते मनावर घेतले.

शनिवारी संध्याकाळी कळी पाण्याच्या वर आली, आणि उद्या ती उमलणार हे हमीदाबींनी ओळखले. रविवारी उजाडण्याच्या आत अय्युबभाई गच्चीवर होते. त्यांनी टबाच्या चार बाजूंना चार खुर्च्या मांडल्या, त्यांवर घरातली सर्वांत जाड गोधडी पसरली आणि शेजारी स्टूल टाकून पहाऱ्याला बसले. हमीदाबी चहा घेऊन आल्या तेव्हा टबाच्या जागी त्यांना एक तंबू दिसला.

“अहो, हे काय?”

“उजेड थांबवला आहे. फुलाला सकाळ कळते ती उजेडावरून. उजेड तीनला दिला, की त्याची सकाळ तीनला होईल. चार वाजता ऐन भरात असेल.”

“दुपारी खिडक्या लावून झोपता तेव्हा तुम्हाला भूक लागायची राहते का?”

“हा तर्क नाही, हमीदा. हा टोमणा आहे.”

“तर्कच आहे. तुमच्याविरुद्ध आहे म्हणून टोमणा वाटतो. आणि माझे मासे काय, अंधारात तस्बीहचे मणी ओढत बसलेत?”

माशांचा विचार योजनेत नव्हता, हे अय्युबभाईंनी मान्य केले. पण योजना मागे घेतली नाही. हमीदाबी खाली गेल्या. त्यांनी पोळ्या केल्या, कपडे धुतले, आणि ते वाळत घालायला अकराच्या सुमारास वर आल्या. पहारेकरी स्टुलावर मान टाकून झोपला होता. हमीदाबींनी गोधडीचे टोक उचलून आत पाहिले.

फूल उमलले होते. कोणाला न विचारता, गोधडीखाली, आपल्या वेळेला, पूर्ण. आतल्या अंधारात ते एकटे पांढरे दिसत होते. हमीदाबींनी गोधडी ओढून काढली आणि खाली बसून पाहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा. मग त्यांना वेळेची आठवण झाली. तळे दुपारी कसे दिसले होते तेही आठवले, आणि त्या अनवाणीच जिना उतरू लागल्या.

पहिल्या मजल्यावर मथुराबाई खोबरे भाजत होत्या. सर्जेराव नुकतेच मांजरीहून आले होते आणि बनियनवर बसून मटणाच्या पिशवीतली नळी वेगळी काढत होते.

“काकी, वर चला. फूल आलंय,” हमीदाबी दारातूनच म्हणाल्या. “भाऊ, तुम्हीपण चला. आत्ताच. मग मिटेल.”

“सभा चारला हाय न्हवं?” सर्जेराव म्हणाले.

“सभेचं सभेला बघा,” मथुराबाईंनी शेगडी बंद केली. “बाई पायात काही न घालता आलीय. उठा.”

तेथून हमीदाबी दुसऱ्या मजल्यावर गेल्या. सुनीतीबाई भाताला फोडणी देत होत्या. त्यांनी आधी घड्याळ पाहिले, मग चष्मा पुसला, मग दाराला कडी घातली, ती ओढून पाहिली आणि मगच जिना चढल्या. त्या पोहोचल्या तेव्हा गच्चीवर अध्यक्ष, त्यांच्या पत्नी आणि नुकतेच जागे झालेले, गालावर स्टुलाच्या कडेची रेघ उमटलेले खजिनदार असे तिघे टबाभोवती उभे होते.

“हे फूल आहे,” सुनीतीबाई वाकून म्हणाल्या. “पाकळ्या पाच. रंग पांढरा. याविषयी माझ्या मनात शंका नाही.”

अय्युबभाईंचा चेहरा उजळला. तेवढ्यात मथुराबाई मोठ्याने हसल्या.

“अगं बया! भाभी, ही तर आपल्या तळ्यातली! अहो, वळखली का?”

सर्जेरावांनी ती ओळखली होती. त्यांचा चेहरा हळूहळू तांबडा होत होता.

“ही?” ते म्हणाले. “ह्या घाणीसाठी मला मटणावरनं उठवलं? आरं, हिच्यापायी माझी सगळी पोरवयातली सुट्टी गेली. पाटाच्या तोंडाला हिची जाळी व्हायची, पाणी अडायचं. मंग बाप मला कमरेइतक्या पाण्यात उभा करायचा, सकाळधरनं. उपटली का काठावर, वाळली का पेटवायची. आन् आठ दिसांनी बघावं तर पुन्हा हाय! पान तुटून पडलं तरी त्या पानाला मुळ्या फुटत्यात. हिला मारता येत न्हाय!”

हमीदाबींनी चमकून वर पाहिले. “मारता येत नाही? भाऊ, मी तीन वर्षं हिला जगवतेय. दोनदा मेली.”

“मेली?” सर्जेरावांना हे खरे वाटेना. “ही? कशी काय?”

“ह्यांनी दर रविवारी टब घासला.”

सर्जेरावांनी अय्युबभाईंकडे प्रथमच आदराने पाहिले. “अय्युबभाई, बाप जिता असता तर तुम्हाला सालावर ठेवला असता.”

अय्युबभाईंचे लक्ष तिकडे नव्हते. ते सुनीतीबाईंकडे वळले होते. “आगाशेबाई, अध्यक्ष उपस्थित आहेत. चिटणीस उपस्थित आहेत. खजिनदार उपस्थित आहेत. समितीचे सर्व सभासद एका जागी जमले असून त्यांना फूल दिसत आहे. हीच सभा.”

“ही सभा नव्हे. हा घोळका आहे. सभा चारला आहे.”

“सभा माणसांची होते की घड्याळाची?”

“सूचनेची होते. उद्या आपण तिघे दाढी करायला एकाच न्हाव्याकडे जमलो, तर तीही सभा होईल का?”

“आपण कशाला याल?”

“उदाहरण आहे, तांबोळी. उदाहरणात मी कुठेही जाऊ शकते.”

वाद चांगला रंगला. सभेच्या स्वरूपाविषयी, सूचनेच्या हेतूविषयी आणि नियम माणसासाठी की माणूस नियमासाठी याविषयी दोन्ही बाजूंनी जे सांगण्यासारखे होते ते सर्व सांगून झाले. सर्जेराव मधूनमधून “पर मटन—” म्हणत होते. हमीदाबी आणि मथुराबाई टबाशी उकिडव्या बसल्या होत्या, म्हणून त्या दोघींनाच ते दिसले. आधी झालर आत वळली. मग एकेक पाकळी, घाई न करता, दुसरीवर कलली. शेवटी पिवळा डाग झाकला गेला, आणि पाण्यावर ओल्या कापसाचा बोळा असावा तेवढे काहीतरी उरले.

“गेलं,” हमीदाबी म्हणाल्या.

वाद थांबला. पाचही जणांनी टबात पाहिले. टबात पाणी होते.

चार वाजता सभा भरली. अध्यक्षांचे जेवण जड झाले होते आणि चिटणिसांची झोप झाली नव्हती. हमीदाबी जिन्याच्या दारात उभ्या होत्या. त्या सभासद नव्हत्या, म्हणून त्यांना बसायला सांगता येत नव्हते. त्यांनी एक रिकामी बादली बरोबर आणली होती. टब ओतायचाच झाला तर मासे तरी आधी काढून घ्यावेत, एवढाच त्यांचा विचार होता.

सुनीतीबाईंनी विषय वाचला, नियम वाचला आणि पुरवणी वाचली. मग त्यांनी इतिवृत्ताच्या वहीत लिहायला सुरुवात केली: ‘समितीने टबाची पाहणी केली असता फूल आढळले—’ येथे त्यांची लेखणी थांबली.

“काय झालं?” सर्जेराव म्हणाले. “न्हाई म्हनून लिहा. माझं मत विरोधात हाय. ओतून टाका.”

“‘आढळले नाही’ असे मला लिहिता येत नाही,” सुनीतीबाई हळूच म्हणाल्या. “मी ते पाहिले आहे.”

“मग ‘आढळले’ लिहा!” अय्युबभाई म्हणाले.

“तेही लिहिता येत नाही. सभेत पाहिलेले नाही.”

“मग काय लिहिता येतं?”

सुनीतीबाईंनी बराच वेळ टबातल्या त्या बोळ्याकडे पाहिले. आयुष्यभर त्यांनी मुलांना शिकवले होते की विधान एक तर सत्य असते नाही तर असत्य, आणि तिसरे काही नसते. आता त्यांच्याच व्याख्येने त्यांना अशा जागी आणून उभे केले होते की एक वाक्य लिहिले तर नियम खोटा पडत होता आणि दुसरे लिहिले तर त्या स्वतः.

“हमीदाबी,” त्यांनी दाराकडे वळून विचारले, “आणखी कळी आहे?”

“माहीत नाही, बाई. मला तर एकच दिसली.”

“हाय की,” सर्जेराव अनवधानाने बोलून गेले. “एकट्यानं येत न्हाय ही. त्याच देठाला पोटाशी बारक्या कळ्या असत्यात, पाण्याखाली. हात घालून बगा.” मग आपण कोणाच्या बाजूने बोललो हे ध्यानात येऊन ते टाकीकडे पाहू लागले.

हमीदाबींनी बाही सारून हात पाण्यात घातला. देठ हलकेच उचलला. मिटल्या फुलाच्या बुडाशी, मोहरीएवढ्या, तीन-चार कळ्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

“सभा तहकूब,” सुनीतीबाई म्हणाल्या. “पुढील फूल दिसेपर्यंत. तोवर टब आहे त्या स्थितीत राहील. तहकूब झालेल्या सभेला नवी सूचना लागत नाही. समितीने रोज सकाळी साडेनऊला येथे यावे. फूल असेल तर सभा सुरू होईल, नसेल तर होणार नाही.”

“रोज?” सर्जेराव म्हणाले. “माझा ऊस हाय मांजरीला.”

“ऊस उभाच असतो, अध्यक्ष. तो कुठे जात नाही.”

हमीदाबींनी बादली उपडी केली आणि तिच्यावर बसल्या.

दुसऱ्या सकाळपासून सहविचार संस्थेची व्यवस्थापक समिती गच्चीवर येऊ लागली. सुनीतीबाई वेळेवर येत, टबात पाहत, “नाही” म्हणत आणि परत जात. अय्युबभाई गाळणी घेऊन हजर असत. सर्जेराव विरोधक म्हणून येत, आणि विरोधकाला शोभेल अशा कपाळावरच्या आठ्यांनी टबाकडे बघत उभे राहत. परंतु बालपण ज्या शत्रूशी लढण्यात गेले त्याच्यावर इतके वाईट दिवस आलेले पाहणे त्यांना जड जाऊ लागले.

“हे पान पिवळं पडलंय. काढत का न्हाई?” तिसऱ्या-चौथ्या सकाळी ते म्हणाले. “ते सगळा जोर खातंय.”

हमीदाबींनी पान काढले.

“असं न्हाई! वरनं तोडायचं न्हाई, बुडातनं. सरका.” ते खाली बसले. “आन् टब हितं कशाला? दुपारनंतर टाकीची सावली पडती हितं. तळ्यावर सावली असती का? अय्युबभाई, एक बाजू धरा.”

अय्युबभाईंनी एक बाजू धरली. पाणी हिंदकळले, मासे सैरावैरा झाले, आणि टब दोन हात पूर्वेला सरकला.

“आपला विरोध आहे ना?” अय्युबभाईंनी विचारले. त्यांना विसंगती सापडली की बोलल्यावाचून राहवत नसे.

“हाय की. विरोध आपल्या जागी. पर मारायचीच तर धडधाकट करून मारावी.”

या विधानात काही तथ्य आहे का, यावर अय्युबभाई जिना उतरेपर्यंत विचार करीत होते. हमीदाबींनी केला नाही. त्यांनी सर्जेरावांनी सांगितलेल्या जागी टब राहू दिला आणि पिवळे पान सर्जेरावांनी दाखवले तसे काढू लागल्या. दरम्यान मथुराबाईंनी हळूच एक तुटके पान मागून नेले आणि पितळेच्या जुन्या घंगाळात तरंगत सोडले. त्याला मुळ्या फुटल्या, ही बातमी त्यांनी नवऱ्याला सांगितली नाही. सर्जेरावांनीही ते घंगाळ पाहिले आणि पाहिल्याचे सांगितले नाही.

मग एका गुरुवारी साडेनऊला सुनीतीबाई वर आल्या, टबात पाहिले आणि काही न बोलता वही उघडली.

फुले दोन होती. एक टबाच्या मधोमध, दुसरे काठाशी. गच्चीवर वारा नव्हता, आणि झालरीचा प्रत्येक केस वेगळा दिसत होता.

“सभा सुरू झाली आहे,” सुनीतीबाई म्हणाल्या. “सर्व सभासद उपस्थित. समितीने टबाची पाहणी केली असता फूल आढळले.” त्यांनी ते वाक्य लिहिले आणि त्याखाली एक रेघ ओढली, तशी रेघ त्या पूर्वी सिद्धता संपली की फळ्यावर ओढीत असत. “सबब हे फुलझाड आहे आणि ते गच्चीवर राहील. अनुकूल?”

अय्युबभाईंनी हात वर केला.

“तांबोळी, टब तुमचा आहे. स्वतःच्या टबाला तुम्हाला मत देता येईल का, याचा मला विचार करावा लागेल.”

“टब माझा नाही. हमीदाचा आहे. मला त्याला हात लावण्याची सुद्धा परवानगी नाही. वाटल्यास तिला विचारा.”

“खरं आहे,” हमीदाबी दारातून म्हणाल्या. “फक्त गाळणी.”

सुनीतीबाईंनी हे ग्राह्य धरले आणि स्वतःचाही हात वर केला. “दोन अनुकूल. प्रतिकूल?”

सर्जेराव टबाशी उकिडवे बसले होते. काठाशी उमललेल्या फुलावर एक मासा खालून तोंड लावत होता, आणि सर्जेराव त्याला करंगळीने दूर सारत होते. त्यांनी मान न वळवता दुसरा हात उंच केला.

“माझा विरोध लिहा,” ते म्हणाले. “ठळक लिहा. ही घाण हाय आन् घाणच राहील. हमीदाबी, पाणी बोटभर कमी करा. देठ ताणलाय बिचारीचा.”